स्टुडिओ जळाला, कर्ज वाढलं, लिलाव झाला; तरी भालजी पेंढारकर उभे कसे राहिले? दिवाळखोरीचा कायदा कर्जदाराला काय देतो?

कोल्हापूरकरांना 'जयप्रभा' हे नाव वेगळं सांगावं लागत नाही. २०२२ मध्ये हा स्टुडिओ विकला गेल्याची बातमी बाहेर आली, तेव्हा कलाकार, तंत्रज्ञ आणि सामान्य कोल्हापूरकर आंदोलनाला बसले होते. तो वाद अनेकांना आठवत असेल. पण त्याआधी, तब्बल सहा दशकांपूर्वी, हाच स्टुडिओ एकदा कर्जापायी मालकाच्या हातून गेला होता. ते मालक होते चित्रतपस्वी भालजी पेंढारकर.

कर्ज फेडता फेडता आयुष्याची कमाई हातातून जाते, तेव्हा माणसाचं पुढे काय होतं? कायदा अशा माणसाला काही आधार देतो का? आज ईएमआय, क्रेडिट कार्ड आणि हातउसन्यांच्या चक्रात अडकलेल्या अनेकांच्या मनात हाच प्रश्न असतो. भालजींच्या आयुष्यातून तो समजून घेऊ.

कोण होते भालजी पेंढारकर?

भालचंद्र गोपाळ पेंढारकर हे त्यांचं पूर्ण नाव. एकोणिसाव्या शतकाच्या शेवटच्या वर्षांत कोल्हापुरात त्यांचा जन्म झाला. प्रसिद्ध अभिनेते बाबूराव पेंढारकर हे त्यांचे थोरले बंधू, तर व्ही. शांताराम हे मावसभाऊ. म्हणजे मराठी सिनेमाचा पाया घालणारी निम्मी मंडळी एकाच गोतावळ्यातली.

त्या वेळचं कोल्हापूर हे सिनेमाचं गाव होतं. बाबूराव पेंटर यांनी इथे महाराष्ट्र फिल्म कंपनी काढली आणि १९२० मध्ये 'सैरंध्री' आला. १ जून १९२९ रोजी प्रभात फिल्म कंपनीची स्थापनाही कोल्हापुरातच झाली. पहिला मराठी बोलपट 'अयोध्येचा राजा' १९३२ मध्ये इथेच तयार झाला.

भालजी या वातावरणात घडले. मूकपटांच्या काळात त्यांनी 'बाजीराव मस्तानी' (१९२५) आणि 'वंदे मातरम् आश्रम' (१९२६) हे चित्रपट केले. दुसऱ्या चित्रपटात इंग्रजी शिक्षणपद्धतीवर टीका होती, त्यामुळे तो ब्रिटिश सेन्सॉरच्या कात्रीत सापडला. बोलपट आल्यावर १९३२ मध्ये त्यांचा 'श्यामसुंदर' आला. मुंबईत तो २५ आठवड्यांहून अधिक चालला. रौप्यमहोत्सव साजरा करणारा पहिला भारतीय चित्रपट म्हणून त्याचं नाव घेतलं जातं.

थोडक्यात, कर्जात बुडण्याआधी भालजी हे यशस्वी दिग्दर्शक होते. ही गोष्ट लक्षात ठेवायला हवी. कर्जबाजारी होणारा माणूस आळशी किंवा उधळ्याच असतो, असा आपला समज असतो. भालजींच्या बाबतीत तसं काहीच नव्हतं.

जयप्रभा स्टुडिओ आला कुठून?

१९३३ मध्ये प्रभात कंपनी कोल्हापूर सोडून पुण्याला गेली. गावातला सिनेमा धंदा बंद पडू नये म्हणून छत्रपती राजाराम महाराजांच्या पुढाकाराने 'कोल्हापूर सिनेटोन' हा स्टुडिओ उभा राहिला. १९३४ चा 'आकाशवाणी' हा तिथला सुरुवातीचा चित्रपट. दिग्दर्शक होते भालजी.

पुढे 'नेताजी पालकर' (१९३९), 'थोरातांची कमळा' (१९४१), 'सूनबाई' (१९४२), 'बहिर्जी नाईक' (१९४३) असे चित्रपट करत त्यांनी स्वतःचा प्रेक्षक तयार केला. शिवकाळ आणि खेड्यातली साधी माणसं हे त्यांचे दोन आवडते विषय. हिंदीत त्यांनी पृथ्वीराज कपूर यांना घेऊन 'महारथी कर्ण' (१९४४) आणि 'वाल्मीकि' (१९४६) केले. 'वाल्मीकि'मध्ये तरुण राज कपूर नारदाच्या भूमिकेत होते.

याच काळात, १९४० च्या दशकाच्या मध्यावर, भालजींनी कोल्हापूर सिनेटोनची वास्तू विकत घेतली. जयसिंग आणि प्रभाकर या मुलांच्या नावांवरून तिचं नाव 'जयप्रभा' झालं. यातले प्रभाकर पेंढारकर पुढे दिग्दर्शक आणि 'रारंगढांग' कादंबरीचे लेखक म्हणून ओळखले गेले.

आता दिग्दर्शक भालजी हे स्टुडिओमालक झाले होते. इथे धंद्याचं गणित बदलतं. दिग्दर्शकाला चित्रपट नसेल तर त्याचं उत्पन्न थांबतं, पण खर्चही थांबतो. स्टुडिओमालकाचं तसं नाही. त्या काळी नट, लेखक, सुतार, रंगारी, कॅमेरामन, स्वयंपाकी हे सगळे महिन्याच्या पगारावर असत. चित्रपट चालो वा पडो, एक तारखेला पगार द्यावाच लागे.

१९४८ मध्ये काय घडलं?

३० जानेवारी १९४८ रोजी दिल्लीत महात्मा गांधींची हत्या झाली. मारेकरी नथुराम गोडसे हा महाराष्ट्रातला ब्राह्मण असल्याचं कळताच पश्चिम महाराष्ट्रात ब्राह्मणांची घरं, दुकानं, वाडे आणि कारखाने पेटवले गेले. कोल्हापूर आणि आसपासच्या भागाला याची मोठी झळ बसली. जमावाने जयप्रभा स्टुडिओही पेटवला. भालजींचा हत्येशी काही संबंध नव्हता. जात आणि त्यांची हिंदुत्ववादी ओळख एवढंच जमावाला पुरेसं होतं.

सेट, कपडेपट, यंत्रसामग्री जळाली. पण सगळ्यात मोठं नुकसान होतं ते फिल्मचं. 'मीठभाकर' हा चित्रपट आगीत गेला.

याचं गांभीर्य समजून घ्यायचं तर त्या काळातली फिल्म कशी होती ते पाहायला हवं. ती सेल्युलोज नायट्रेटची असे. हा पदार्थ अत्यंत ज्वालाग्राही. एकदा पेटला की जळताना स्वतःच ऑक्सिजन सोडतो, त्यामुळे पाण्याखालीही विझत नाही. आणि आजच्यासारखी क्लाउडवर कॉपी नसायची. मूळ निगेटिव्ह जळालं की त्यावर झालेला सगळा खर्च आणि त्यातून येऊ शकणारं सगळं उत्पन्न एकाच वेळी संपलं.

निर्मात्यासाठी निगेटिव्ह म्हणजे निव्वळ कलाकृती नसते. तीच त्याची पत. वितरक आगाऊ पैसे देतो ते तिच्या भरवशावर, सावकार कर्ज देतो तेही तिच्याच भरवशावर. शेतकऱ्याचं उभं पीक जळावं आणि बियाण्याचं कर्ज मात्र तसंच राहावं, असा हा प्रकार.

मग भालजींनी काय केलं?

त्या वेळी त्यांचं वय पन्नाशीच्या आसपास होतं. त्यांच्यापुढे दोन वाटा होत्या. एक, स्टुडिओ आहे त्या अवस्थेत विकून देणी भागवायची आणि पुन्हा फक्त दिग्दर्शन करायचं. दुसरी, कर्ज काढून स्टुडिओ पुन्हा उभा करायचा. भालजींनी दुसरी वाट धरली.

स्टुडिओ पुन्हा उभा राहिला. जळालेला 'मीठभाकर' त्यांनी पुन्हा चित्रित केला आणि १९४९ मध्ये तो पडद्यावर आणला. त्याच वर्षी 'शिलंगणाचं सोनं' आला. १९५२ मध्ये 'छत्रपती शिवाजी' आला. चंद्रकांत मांडरे शिवाजी महाराजांच्या भूमिकेत होते.

बाहेरून पाहणाऱ्याला वाटावं की गाडी रुळावर आली. पण एकच चित्रपट दोनदा करावा लागला, तर खर्च दोनदा होतो आणि तिकीट मात्र एकदाच विकलं जातं. त्यातला एक खर्च कर्जाच्या पैशांतून झालेला. त्यावर व्याज चालू.

कर्ज फिटलं का नाही?

कर्ज वाढण्यामागे भालजींच्या निर्णयाइतकाच काळाचाही हात होता. तीन गोष्टी एकाच वेळी घडत होत्या.

पहिली गोष्ट, स्टुडिओ पद्धतच मोडत होती. नट-नट्या महिन्याच्या पगारावर राहायला तयार नव्हते, चित्रपटागणिक मानधन मागत होते. स्वतःचे पगारी कलाकार आणि स्वतःची वास्तू सांभाळणाऱ्या कंपन्या देशभर अडचणीत आल्या. पुण्याला गेलेली प्रभात कंपनी १९५३ मध्ये बंद पडली. मुंबईतल्या बॉम्बे टॉकीजचंही त्याच सुमारास तेच झालं. प्रभातच्या जागेवर १९६० मध्ये सरकारची फिल्म इन्स्टिट्यूट सुरू झाली.

दुसरी गोष्ट, मराठी चित्रपटाचा बाजार लहान होता. हिंदी चित्रपट देशभर विकला जाई, मराठीचा पैसा महाराष्ट्रातूनच यायचा. काम मुंबईत एकवटत गेलं तसं कोल्हापुरात येऊन स्टुडिओ भाड्याने घेणारे निर्मातेही कमी झाले.

तिसरी गोष्ट, बँका सिनेमाला कर्ज देत नव्हत्या. एस. के. पाटील यांच्या अध्यक्षतेखालच्या चित्रपट चौकशी समितीने १९५१ मध्ये अहवाल दिला. चित्रपटांना संस्थात्मक कर्ज मिळावं म्हणून वित्त महामंडळ काढावं, अशी शिफारस त्यात होती. फिल्म फायनान्स कॉर्पोरेशन प्रत्यक्षात आलं १९६० मध्ये. भालजींच्या दृष्टीने तोवर उशीर झाला होता. चित्रपट व्यवसायाला उद्योगाचा दर्जा मिळायला तर १९९८ उजाडलं. तोपर्यंत निर्मात्याचा आधार म्हणजे वितरकाची उचल आणि खासगी सावकार.

खासगी कर्जाचं व्याज कसं चढतं ते एका साध्या उदाहरणाने पाहू. हे आकडे भालजींच्या कर्जाचे नाहीत, फक्त समजण्यासाठी घेतले आहेत. १ लाख रुपये वर्षाला १२ टक्के चक्रवाढ व्याजाने घेतले आणि १० वर्षं काहीच फेडलं नाही, तर देणं होतं सुमारे ३ लाख १० हजार. हाच दर २४ टक्के असेल तर १० वर्षांनी देणं होतं सुमारे ८ लाख ५९ हजार. दर दुप्पट झाला, पण बोजा जवळपास पावणेतीन पट झाला.

आपल्याकडे यावर एक जुना लगाम होता, तो म्हणजे दामदुपटीचा नियम. हिंदू कर्जदाराकडून एका वेळी मुद्दलापेक्षा जास्त व्याज वसूल करता येत नाही, असं हा नियम सांगतो आणि मुंबई प्रांतात तो कोर्टं मानत आली. पण त्याला पळवाट होती. जुनं व्याज मुद्दलात मिळवून नवा दस्त केला की मोजणी पुन्हा पहिल्यापासून सुरू. थकलेला कर्जदार मुदतवाढीसाठी अशा दस्तावर सही करतो. आजही क्रेडिट कार्डचं थकलेलं बिल फेडायला पर्सनल लोन घेणारा माणूस दुसरं काय करतो?

लिलावात स्टुडिओ कोणी घेतला?

शेवटी जयप्रभा लिलावात निघाला. १९५९ मध्ये लता मंगेशकर यांनी तो विकत घेतला. किंमत होती सुमारे ६० हजार रुपये.

लतादीदींनी कोल्हापुरातला स्टुडिओ का घ्यावा? याला जुना संदर्भ आहे. त्यांचे वडील मास्टर दीनानाथ हे बलवंत संगीत मंडळीचे मालक. नाटकाचे दिवस फिरले तेव्हा त्यांनी चित्रपट कंपनी काढली, ती चालली नाही आणि एप्रिल १९४२ मध्ये ते गेले तेव्हा घरात ओढगस्त होती. १३ वर्षांच्या लताला काम दिलं ते मास्टर विनायक यांनी. त्यांच्या प्रफुल्ल पिक्चर्ससोबत मंगेशकर कुटुंब काही काळ कोल्हापुरात राहिलं. कलेच्या धंद्यात कर्ज झालं की घरावर काय वेळ येते, हे त्यांनी लहानपणीच पाहिलं होतं.

स्टुडिओची मालकी बदलली, पण भालजी तिथेच काम करत राहिले. हा या गोष्टीतला महत्त्वाचा भाग आहे. त्यांची मालमत्ता गेली, कामाची जागा गेली नाही.

साठीनंतर काय केलं?

लिलाव झाला तेव्हा भालजी साठीच्या घरात होते. त्या वयात माणूस निवृत्तीचा विचार करतो. भालजींचे अनेक गाजलेले चित्रपट मात्र त्यानंतरचे आहेत.

१९६३ मध्ये 'मोहित्यांची मंजुळा' आला, १९६४ मध्ये 'मराठा तितुका मेळवावा' आणि १९६५ मध्ये 'साधी माणसं'. तिन्ही चित्रपटांना संगीत होतं 'आनंदघन' यांचं. आनंदघन म्हणजे खुद्द लता मंगेशकर. 'साधी माणसं'ला राज्य पुरस्कार मिळाले आणि ही ओळख सगळ्यांसमोर आली. लोहारकाम करणाऱ्या कष्टाळू जोडप्याची ती गोष्ट. नावाप्रमाणेच साध्या माणसांची. १९६९ च्या 'तांबडी माती'तून दादा कोंडके पहिल्यांदा पडद्यावर आले. १९८१ मध्ये, ऐंशी ओलांडल्यावर, भालजींनी 'गनिमी कावा' केला.

माणसं घडवणं हा त्यांच्या कामाचा दुसरा भाग. चंद्रकांत आणि सूर्यकांत हे मांडरे बंधू त्यांच्या चित्रपटांतून मोठे झाले. सुलोचनादीदींना 'सुलोचना' हे नाव दिलं भालजींनीच. आगीत न जळणारी आणि लिलावात न निघणारी अशी ही कमाई होती.

१९९१ सालासाठी त्यांना दादासाहेब फाळके पुरस्कार जाहीर झाला. २६ नोव्हेंबर १९९४ रोजी कोल्हापुरात त्यांचं निधन झालं.

दिवाळखोरीचा अर्ज म्हणजे नेमकं काय?

भालजींच्या कर्जाचा शेवट लिलावाने झाला. कायद्यात दुसरी एक वाट होती, आणि आजही आहे. तिला जुना शब्द नादारी, बोलीतला शब्द दिवाळखोरी.

१९४८ मध्ये आग लागली तेव्हा कोल्हापूर हे संस्थान होतं. १ मार्च १९४९ रोजी ते मुंबई राज्यात विलीन झालं. मुंबई राज्याच्या जिल्ह्यांमध्ये नादारीसाठी १९२० चा प्रांतिक नादारी कायदा होता. मुंबई, कोलकाता आणि चेन्नई या तीन शहरांसाठी १९०९ चा वेगळा कायदा होता.

तुम्हाला वाटेल हा इतिहास झाला. तसं नाही. २०१६ मध्ये संसदेने नवी नादारी व दिवाळखोरी संहिता केली. कंपन्यांसाठी ती लागू झाली. त्यात व्यक्तींसाठीही एक भाग आहे, पण तो १ डिसेंबर २०१९ पासून फक्त कंपनीच्या कर्जाला जामीन राहिलेल्या व्यक्तींपुरता सुरू झाला. पगारदार, दुकानदार, रिक्षाचालक, शेतकरी अशा सामान्य कर्जदाराला आजही १९२० च्याच कायद्याने अर्ज करावा लागतो. कोल्हापूरच्या माणसासाठी ठिकाण म्हणजे जिल्हा न्यायालय.

ही प्रक्रिया अशी चालते:

१. अर्ज कोण करू शकतो? देणी फेडण्याची ऐपत नाही अशी व्यक्ती. सोबत तीनपैकी एक अट पूर्ण व्हावी लागते: देणं किमान ५०० रुपये असणं, कर्जाच्या डिक्रीत अटक झालेली असणं किंवा मालमत्तेवर जप्तीचा आदेश असणं. ५०० चा आकडा १९२० चा आहे, तो तसाच राहिला आहे.

२. अर्जात काय लिहायचं? सगळ्या सावकारांची यादी, प्रत्येकाचं देणं आणि स्वतःची सगळी मालमत्ता. काही लपवलं तर तो गुन्हा ठरतो. अर्ज करण्याआधी घर बायकोच्या किंवा भावाच्या नावावर करण्याची युक्ती चालत नाही. नादार ठरण्याआधीच्या २ वर्षांत मोबदला न घेता केलेलं हस्तांतरण कोर्ट रद्द करू शकतं.

३. नादार ठरल्यावर काय होतं? मालमत्ता कोर्टाच्या किंवा रिसीव्हरच्या ताब्यात जाते. ती विकून आलेले पैसे सावकारांमध्ये वाटले जातात. कोर्टाच्या परवानगीशिवाय सावकाराला वेगळा दावा लावता येत नाही. अटकेपासून संरक्षणही मागता येतं.

४. काय शिल्लक राहतं? अंगावरचे कपडे, अंथरूण-पांघरूण, स्वयंपाकाची भांडी, कारागिराची हत्यारं यांवर जप्ती येत नाही. लोहाराचा हातोडा आणि शिंप्याचं मशीन वाचतं, कारण कमावण्याचं साधनच काढून घेतलं तर माणूस पुन्हा उभा राहणार कसा?

५. सुटका कधी? कोर्टाने मुक्ततेचा आदेश दिला की बहुतेक जुनी देणी संपतात. सरकारी देणं, फसवणुकीतून झालेलं देणं आणि पोटगी मात्र संपत नाही.

६. किंमत काय? मुक्तता होईपर्यंत आमदार-खासदार होता येत नाही, कंपनीचं संचालकपद घेता येत नाही. नवं कर्ज मिळणं अवघड होतं.

भालजींनी अर्ज केला असता तर स्टुडिओ वाचला असता का?

नाही. नादारीत मालमत्ता वाचत नाही, माणूस वाचतो. स्टुडिओसारखी मोठी मालमत्ता रिसीव्हरकडे गेली असती आणि तीही विकलीच गेली असती. शिवाय ज्या सावकाराकडे मालमत्ता तारण आहे, त्याला नादारीचा कायदा अडवत नाही. तो आपलं तारण विकून पैसे वसूल करू शकतो.

म्हणजे घरावर बँकेचं गृहकर्ज आहे आणि हप्ते थकले आहेत, तर नादारीचा अर्ज करून घर वाचणार नाही. पण विनातारण कर्जांचा डोंगर झाला आहे, एकामागून एक दावे लागत आहेत आणि विकण्यासारखं काही उरलेलं नाही, अशा माणसाला हा कायदा श्वास घेण्यापुरती जागा देतो.

आज कर्ज डोक्यावरून जात असेल तर काय करावं?

भालजींच्या काळी नसलेल्या काही सोयी आज आहेत. त्या क्रमाने पाहा.

सगळी देणी एका कागदावर लिहून काढा. कुणाचं किती, दर किती, तारण काय. जास्त दराचं कर्ज आधी फेडा. नवं कर्ज घेऊन जुनं फेडत असाल, तर नव्याचा दर खरोखर कमी आहे का ते तपासा. फक्त हप्ता कमी आणि मुदत लांब असेल तर तो जुनं व्याज मुद्दलात मिळवण्याचाच प्रकार.

बँकेशी हप्ता चुकण्याआधी बोला. कर्जाची पुनर्रचना मागता येते. तडजोड करून कर्ज बंद केलं तर क्रेडिट रिपोर्टवर तशी नोंद राहते, हे आधी लक्षात घ्या.

तारण कर्ज थकीत ठरलं तर बँक सरफेसी कायद्याखाली ६० दिवसांची नोटीस देते. ती नोटीस कपाटात ठेवू नका. त्या मुदतीत लेखी हरकत घेता येते आणि बँकेला तिचं उत्तर द्यावं लागतं. स्वतः ग्राहक शोधून मालमत्ता विकली तर सहसा लिलावापेक्षा बरी किंमत येते.

खासगी सावकार त्रास देत असेल तर त्याच्याकडे परवाना आहे का ते पाहा. विनापरवाना सावकारी हा महाराष्ट्र सावकारी अधिनियम २०१४ खाली गुन्हा आहे. सहकार खात्याच्या जिल्हा उपनिबंधकांकडे तक्रार करता येते.

आणि तुरुंगाची भीती? सर्वोच्च न्यायालयाने १९८० मध्येच स्पष्ट केलं आहे की केवळ पैसे नाहीत म्हणून कर्जदाराला दिवाणी तुरुंगात टाकता येत नाही. ऐपत असून मुद्दाम न देणाऱ्याची गोष्ट वेगळी. वसुलीवाला फोनवर काहीही म्हणो, कायदा हा आहे. चेक बाउन्सचा खटला मात्र फौजदारी असतो, त्याकडे दुर्लक्ष करू नका. वकिलाची फी परवडत नसेल तर जिल्हा विधी सेवा प्राधिकरणाकडे मोफत मदतीसाठी अर्ज करता येतो.

भालजींच्या गोष्टीतून काय घ्यायचं?

त्यांनी कर्ज काढून स्टुडिओ पुन्हा उभारला, हा निर्णय हिशेबात चुकला असं म्हणता येईल. पण तो घेतला नसता तर 'मीठभाकर' राखेतच राहिला असता आणि स्टुडिओवर पोट असलेली माणसं त्याच दिवशी बेकार झाली असती. हा हिशेब वहीत मांडता येत नाही.

कर्जात बुडालेला माणूस बहुतेक वेळा दोन गोष्टी एकच समजतो: आपली मालमत्ता आणि आपण स्वतः. पहिली गेली की दुसरंही संपलं असं त्याला वाटतं. १९५९ मध्ये कोल्हापुरात जयप्रभाचा मालक बदलला. त्यानंतर ३५ वर्षं भालजी जगले, त्यातली बरीचशी कॅमेऱ्यामागे. आज त्यांचं नाव घेताना लिलावाची रक्कम कुणाला चटकन आठवत नाही. 'साधी माणसं' आणि 'मोहित्यांची मंजुळा' मात्र आठवतात.

तुमच्या घरात, मित्रांमध्ये कुणी कर्जाच्या ओझ्याने गप्प झाला असेल, फोन उचलत नसेल, तर त्याला आधी एवढंच सांगा की कायद्यात बाहेर पडायची वाट आहे. मग कागद आणि पेन घेऊन त्याच्याशेजारी बसा.